आक्काची एकशेवीस पानं

"पोटं काढायची, कडा ठेवायच्या," असं म्हणत हळर्णकरने ती पिशवी माझ्या लेथशेजारी इतक्या जोरात आपटली की बाहेरच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून थेट मोती तलावापर्यंत पळत गेलं. आता कुत्रं मोती तलावापर्यंत गेलं हे मी पाहिलं नाही. पण उठलं, एवढं खरं.

पिशवीतून एक चकती काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. पणजीला मांडवीत तेव्हा नव्यानेच जुगाराच्या बोटी उभ्या राहायला लागल्या होत्या, तिथल्या टेबलावर पैशांऐवजी ज्या टाकतात त्यांपैकी ही. ते तिला चिप म्हणायचे. बिस्किटाएवढी, पण वजनदार, हातात खेळवत बसावीशी वाटणारी. कडेला निळे-पांढरे पट्टे. मध्ये दोन्ही बाजूंना उथळ खोबणी आणि त्या खोबणीत बसवलेला छापील गोल. त्यावर कुठल्यातरी परदेशी बोटीचं नाव.

"ती बोट बंद पडली. आमच्या शेटनी माल उचलला," हळर्णकर म्हणाला. "मधला गोल काढून आपला घालायचा. मे महिन्यात शेट खास पाहुण्यांना जेवण देणार आहेत, त्या दिवशी ह्या टेबलावर आल्या पाहिजेत. खोबणीला ओरखडा आलेला चालायचा नाही."

"आत्तापर्यंत कोणी कोणी हात टेकले?"

"पणजीच्या सोनाराने ज्योत लावली. दोन चकत्यांची जिलबी झाली. बोर्ड रंगवणाऱ्याने केस वाळवायचं यंत्र लावून ब्लेडने उचकटलं. गोल निघाला, पण खोबणी मांजराने खेळल्यासारखी दिसायला लागली."

मी हसलो. म्हटलं, "हळर्णकर, आमच्या आजोबांनी संस्थानच्या युवराजांना लाखेचा भोवरा करून दिला होता. सोमवारी फिरवला तो बुधवारी थांबला. तुम्ही योग्य घरी आलात."

बढाई सोडा, पण काम मला खरंच जमलं. आम्ही सावंतवाडीतले चितारी. लाकडी खेळण्यांवर लाख चढवण्यात माझं आयुष्य गेलं. लाखेचा स्वभाव मला बायकोच्या स्वभावापेक्षा जास्त ठाऊक. मी लाखेची कांडी निखाऱ्यावर मऊ केली, त्या छापील गोलावर दाबली आणि पन्नास आकडे मोजले. लाख गार झाली की दगडासारखी धरते. कांडीला एक हलका पीळ दिला. चट्‌! गोल कांडीला चिकटून वर आला आणि खाली खोबणी धुतलेल्या ताटलीसारखी स्वच्छ.

हळर्णकरने चकती उजेडात धरली. "बाबल, तू जादूगार आहेस."

"आता ह्यात घालणार काय?"

"त्यासाठीच तर सावंतवाडीत आलोय. शेटना गंजिफाची चित्रं हवीत. दशावतार. हाताने रंगवलेली."

गंजिफा म्हणजे आमच्याकडचे जुने गोल पत्ते. दहा अवतार, एकेकाची बारा पानं, सगळी मिळून एकशेवीस. ती पानं रंगवणारं आमच्या आळीतलं सगळ्यांत चांगलं बोट माझं नव्हतं. मला मासा काढायला सांगितला तर पडवळ निघतं. ते बोट होतं वरच्या माडीवर बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं. इंदुमती तिचं नाव, पण आळीला ती आक्का. तेव्हा सत्तावन्न वर्षांची. लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेली, तिथेही रंगवत राहिली, नवरा गेल्यावर परत आली आणि पुन्हा रंगवत बसली. वेंगुर्ल्यात पानांच्या पेट्यांवर नाव सासऱ्याचं. आमच्या पेट्यांवर 'गणपत चितारी आणि पुत्र'. ह्यातला पुत्र म्हणजे पडवळ काढणारा मी.

आक्का जिन्यावरून सगळं ऐकत होती. अर्धा जिना उतरून तिथेच उभी राहिली.

हळर्णकरने नमस्कार केला. "आक्का, देवाची चित्रं जुगारात... तुमची हरकत नाही ना?"

"गंजिफा म्हणजे काय आरती असा?" आक्का म्हणाली. "तो पण जुगारच. देवांका सवय असा."

"मग करणार?"

"करीन. एका बाजूक चित्र. दुसऱ्या बाजूच्या खोबणीत माझा नाव."

हळर्णकर थबकला. मग म्हणाला, "घालू की. त्यात काय!"

"बारीक अक्षरात नको. वाचूक येवक होया."

मी मध्येच बोललो, "आक्का, नाव घालून काय करतलंस? जुगारी काय नाव वाचतत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निखारे फुंकायला लागलो.

अडीच महिने ती खिडकीत बसली. डाव्या हाताने रंगवायची. लहानपणी बाबांनी तो हात बांधून ठेवला होता. तिने उजव्याने कुंचला धरायचं नाव काढलं नाही, तेव्हा सोडला. त्यामुळे तिच्या पानांतला मत्स्य आळीतल्या बाकी सगळ्या मत्स्यांच्या उलट्या बाजूला तोंड करून असे. गिऱ्हाइकं विचारायची, मासा चुकून उलटा झालाय का? बाबा सांगायचे, पोराने काढलाय, शिकतोय अजून. वीस वर्षं मी शिकतच होतो.

जाड कागदाचे एकशेवीस गोल, प्रत्येक नाण्याएवढा. वराहाच्या दातावर पांढऱ्याचा एकच ठिपका, पण तो ठेवायला ती श्वास धरायची. मी खाली दोनशे चाळीस पोटं काढत होतो. मधूनच वर जाऊन बढाया मारायचो, "आज इतक्या जोरात ओढली की गोल उडून नरेंद्र डोंगरावर पडला." ती एरवी हसायची. त्या दिवसांत हसली नाही, पण गुणगुणायची. मी तिला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

एप्रिलात हळर्णकर आला. शेटना दाखवून आणतो म्हणाला आणि सगळे गोल कापसात ठेवून घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी परतला तेव्हा हातात कापूस नव्हता. प्लॅस्टिकचं पाकीट होतं. आत एकशेवीस चकचकीत गोल. छापील. मत्स्य उलट्या बाजूला तोंड करून, वराहाच्या दातावर तोच ठिपका. आणि दुसऱ्या बाजूला लावायच्या गोलांवर इंग्रजीत सोनेरी अक्षरं. मी वाचली. 'हळर्णकर कलेक्शन.'

"हे काय?" मी विचारलं.

"हाताचा रंग घामाने जातो रे. म्हणून मुंबईत छापून घेतली. चित्र तेच आहे."

"आणि आक्काची?"

"ती प्रेसवाल्याकडे खराब झाली. नुकसानभरपाई देतो की!"

"नाव?"

"शेटना नाव कशाला? त्यांना वाटतंय मी मुंबईच्या चित्रकाराकडून करून घेतली. तसंच राहू दे. तुमचा काय तोटा?"

माझ्या हातात तापलेली कांडी होती. ती त्याच्या कपाळावर ठेवून पन्नास आकडे मोजावेत असं वाटलं. म्हटलं, "मी पणजीला जाऊन शेटना सांगतो."

तो हसला. "सांग ना. तुझ्या आजोबांचा भोवराही सांग, तीन दिवस फिरलेला. कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर, बाबल? अख्खं सावंतवाडी तुला ओळखतं."

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

आक्का खाली आली. पाकिटातला एक गोल तिने उचलला, उलटसुलट पाहिला. तिच्या मानेवरची शीर तट्ट फुगली होती. मला वाटलं आता ही ओरडणार, आळी गोळा होणार. मी वाटच बघत होतो. तिने गोल पाकिटात परत ठेवला आणि मला म्हणाली,

"चिकटव."

"आक्का!"

"सगळी चिकटव. एकव वाकडा बसता कामा नये. एकव सुटता कामा नये. समाजला?" आणि हळर्णकरला, "जेवणाच्या दिवशी आमका दोघांकय बोटीवर न्हेवचा. तेवढा करा."

"या की! एखादी चकती हलली तर बाबल लागेलच," हळर्णकर खुशीत म्हणाला आणि गेला.

मी तिच्या अंगावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "तुका लाज नाय? अडीच महिने डोळे फोडलंस आणि चिकटव म्हणतंस? जेवणाक जातंस त्यांच्या?"

"तुझ्या तोंडाक चाळण असा," ती म्हणाली. "तुका सांगूचा ता आळीक सांगूचा. काम कर."

जिना चढून गेली. मी ठरवून टाकलं, ही घाबरली. चाळीस वर्षं पेटीवर दुसऱ्याचं नाव बघून बघून हिचा कणाच गेला. पण मी आहे ना! मी भाऊ आहे. मी घेतो बदला.

चांगल्या लाखेने चिकटवलं असतं तर चकती फुटली असती पण गोल सुटला नसता. मी लाखेत राळ घातली, वर करंजाचं तेल. किती, ते कोणाला सांगणार नाही. आमच्या धंद्यात ही चूक शिकाऊसुद्धा करत नाही, मी ती मुद्दाम, मापून केली. सावलीत ती लाख घट्ट राहते. मे महिन्याच्या उन्हात, घामट मुठीत खेळवली की तासाभरात गुळाच्या पाकासारखी सैल होते. जुगारी माणूस चिप मुठीत खेळवल्याशिवाय बसतो का? मी एकेक गोल बसवत होतो आणि हळर्णकरला शिव्या देत होतो. एकही वाकडा बसवला नाही. तेवढं आक्काचं ऐकलं.

जेवण दुपारचं होतं. बोटीच्या वरच्या डेकवर कनाती, टेबलं, बर्फाच्या बादल्या. मांडवी तव्यासारखी तापलेली. पाहुणे मोठमोठे, सगळे घामाने निथळत होते आणि हसत होते. मध्ये बसलेले रायतुरकर शेट म्हणजे बोटीचे मालक. जाडजूड, हसरा माणूस, दोन्ही हातांत चकत्या खेळवणारा. मागे हळर्णकर, पांढऱ्या सुटात.

आक्काने लग्नातली जांभळी पैठणी नेसली होती. हातात वेताची पेटी. मला वाटलं डबा आणलाय.

शेट पाहुण्यांना चकती दाखवत होते. "बघा, काय काम आहे! आमच्या हळर्णकरची दृष्टी."

आणि आक्का सरळ चालत गेली, त्यांच्या टेबलावर पेटी ठेवली, उघडली. आत शिंपल्यांत कालवलेले रंग, दोन कुंचले, जाड कागदाचा एक कोरा गोल.

"शेट," ती म्हणाली, तोलून मापून, पुस्तकातल्या मराठीत. रात्रभर पाठ केलं असणार. "ही चित्रं माझी आहेत. मुंबईच्या कोणाची नाहीत. मी इंदुमती, सावंतवाडीची. तुम्ही ह्यातली कुठलीही चकती काढून समोर ठेवा. मी तसंच चित्र इथे बसून काढते. डाव्या हाताने. सगळ्यांनी बघा आणि मग ठरवा."

हळर्णकरचा चेहरा त्याच्या सुटाएवढा पांढरा झाला. "शेट, ही बाई..."

"थांब रे," शेट म्हणाले. त्यांना मजा वाटली होती. पाहुणे खुर्च्या सरकवून जवळ आले. मी खांबाला टेकून उभा होतो आणि तिथल्या तिथे मला कळलं, तिने 'एकव सुटता कामा नये' का म्हटलं होतं. उन्हात उभ्या माणसाला हुडहुडी भरते हे मी गोष्टीत सांगतो तेव्हा लोक हसतात. मला भरली होती.

"मत्स्य काढता?" शेट म्हणाले आणि मुठीतली चकती टेबलावर ठेवली.

चकती रिकामी होती.

त्यांनी दुसरी ठेवली. त्यातला वराह घसरून अर्धा बाहेर आला होता. तिसऱ्यातला त्यांच्या तळव्यालाच चिकटून राहिला. "अरे, हे काय!" एका पाहुण्याच्या बाहीवर वामन, दुसऱ्याच्या सोड्याच्या ग्लासावर नरसिंह. एक बाई किंचाळली, तिच्या पंख्याला परशुराम लागला होता. कोणीतरी हसलं आणि मग सगळा डेक हसायला लागला. एरवी ही गोष्ट मी सांगतो तेव्हा इथे गोल उडून मांडवीत पडतात आणि मासे ते गिळतात. तसं काही झालं नाही. वेटर फडकी घेऊन आले. लाख पाण्याने निघेना, तेव्हा एकाने फडकं दारूत बुडवलं. दारूने लाख विरघळते, त्याने ओळखलं. शाईही विरघळते. मी बघत होतो, आक्काही बघत होती. त्याने शेटच्या तळव्यावरचा मत्स्य धरला आणि तीन फटकाऱ्यांत पुसून टाकला. आधी शेपूट गेली, मग डोळा.

आक्काचा कुंचला ओला होता. रंगाचा एक थेंब पैठणीवर पडला.

"कुठलं चित्र म्हणत होता, बाई?" शेटनी हसत, हात पुसत विचारलं. वाईट हेतू नव्हता. समोर दाखवायला काही उरलंच नव्हतं.

मी पुढे धावलो. "शेट, खरं सांगतोय, ती सगळी आक्काचीच..."

"शेट, हाच तो!" हळर्णकर ओरडला. "ह्यानेच चिकटवली! चोर, लबाड! सगळ्या कोकणात ह्याच्याइतका थापाड्या नाही!"

"थापाड्या मी? चोर तू! चित्रं चोरलीस म्हणून मीच लाख बिघडवली, मुद्दाम!" मी छाती ठोकून सांगितलं. सगळ्यांसमोर. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेटनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! काय डोकं आहे!" हळर्णकरला त्यांनी तिथल्या तिथे बोटीवरून उतरवलं. मला सरबत दिलं. मी ते प्यायलोही.

आक्काने पेटी बंद केली होती.

किनाऱ्याकडे जाणाऱ्या होडीत ती माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, "हळर्णकर गेला ना, आक्का! बदला..."

तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. होडीवाल्याने वल्ही थांबवली.

"माका इचारलंस?" ती म्हणाली. "लाख बिघडवताना माका एकदा इचारलंस?"

"तू पण माका सांगूक नाय..."

"सांगलंय! चिकटव म्हणान सांगलंय. एकव सुटता कामा नये म्हणान सांगलंय. तुका ऐकूक इला नाय. कारण तुका वाटला, आक्का काय सांगतली, मी करतंय ता बरा!" तिचा आवाज चढत गेला, किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. "ती चोरलेली होती तरी माझी होती रे! त्या चोराने निदान ठेवली होती. तू पुसलंस!"

मी गाल चोळत बसलो.

पुढचं ऐका आणि माझ्यावर थुंका. पुढच्या आठवड्यात गोव्याच्या एका पेपरात चार ओळी आल्या: चोराला अद्दल घडवणारा सावंतवाडीचा कलावंत. खाली माझं नाव. शुद्धलेखनासकट बरोबर. आक्काचं कुठेच नव्हतं. आळीतल्या लोकांनी कात्रण आणून दिलं, मी ते खिशात दडवलं, तर दुसऱ्याने दुसरं आणलं. आणि पंधरा दिवसांनी रायतुरकर शेटचं पत्र. 'श्री. बाबल चितारी यांस. आपण स्वतः रंगवलेली एकशेवीस चित्रं आम्हांस हवीत. प्रत्येकावर आपली सही असावी.'

मी ते पत्र घेऊन जिना चढलो. आक्का माझ्याशी बोलत नव्हती. मीठ हवं असलं तरी माझ्या बायकोकडे मागायची. पत्र मी तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "तू रंगव, आक्का. सही तुझी घालू. मी त्यांका सगळा सांगतंय."

तिने वाचलं. दोनदा. मग रंगवायच्या जाड कागदातला एक ताव घेतला, कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि उत्तर लिहिलं. लिहायला तिला गंजिफाच्या अख्ख्या पानाएवढा वेळ लागला. ही थाप नाही. रंग वाळल्यावर ताव माझ्याकडे सरकवला.

'आपण ज्याला पत्र लिहिले त्याला चित्र काढता येत नाही. तो लाकूड कातणारा आहे. आपल्या बोटीवर पुसली गेली ती चित्रे माझी होती. ती मी पुन्हा काढणार नाही.'

आणि खाली, अर्धा ताव भरून, काळ्याशार अक्षरांत, तिने आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी खाली लिहिलेलं स्वतःचं नाव. इंदुमती. बस्स, तेवढंच.

मी ते बघत राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आक्का, आडनाव तरी घाल. नुसत्या नावाने शेटांका कळाचा कसा?"

ती कुंचला धूत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोणाचा घालू?" ती म्हणाली. "बाबांचा? तुझ्या भावोजींचा? की तुझा?"

मी पाकीट बंद केलं आणि पोस्टात नेऊन टाकलं.